आईचा फोटो लावला तिथे

मंगळवार, रावेत. जेवणं झाल्यावर.

आप्पांना कसं सांगू, तेच कळत नाहीये.

सकाळी गावाहून आले. रेखा त्यांना चहा देऊन खाली दूध आणायला गेली, तेवढ्यात त्यांनी पिशवीतून आईचा फोटो काढला, खिळा ठोकला, हार घातला. मी फर्स्ट शिफ्ट करून चाकणहून आलो तर म्हणाले, "भिंत लई पोकळ वाजती रे तुमची."

भिंत नाही ती. आमचा पलंग आहे, उभा करून भिंतीत मिटलेला. खाली घेतला की खिळ्यासकट आई पालथी होणार, आणि वर आम्ही नवराबायको झोपणार.

फोटो काढावा का? वर्षश्राद्ध होऊन आठवडा झाला नाही, हात लावायची छाती होत नाही. मग आप्पा राहणार ते पंधरा दिवस तसाच ठेवायचा? कंबर धरल्यापासून मला जमिनीवर झोपवत नाही. रोज झोपायचं म्हणून तर मुद्दाम जाड गादी घालून घेतला हा पलंग. आणि पहाटे पाचला कंपनीची बस. रेखा स्वयंपाकघरातून डोळ्यांनीच विचारतेय, सांगितलं का. मी मघापासून त्या खिळ्याकडे बघतोय.

शेवटी आत्ता तिने सतरंजी अंथरली. आप्पा बघत राहिले.

"अजून खालीच झोपता व्हय? तुझ्या आईला लई वाटायचं, पोराला एक पलंग घेऊन द्यावा."

सांगायला तोंड उघडलं होतं मी.

"घेऊ आप्पा, दिवाळीला," म्हणालो.