आईचा कोट घालून परदेशातल्या शाळेला

बाबा,

शाळेची गाडी दाराशी आलीय, बाई हाका मारताहेत. तुम्ही शिलाईच्या दुकानातून याल तोवर मी विमानात असेन. परवा मी आईचा कोट मागितला, तेव्हा "त्याला हात लावायचा नाही" म्हणालात आणि मीही नको ते बोलून बसले. आज बॅग उघडते तर तोच कोट, माझ्या मापाने बाह्या आखूड करून, इस्त्री करून ठेवलेला! माझं चुकलं, बाबा.

तिकडच्या शाळेत दोनच आठवडे तर राहायचंय. वेळेवर जेवा. पुढच्या महिन्यात माझ्या बदल्यात तिथली मुलगी आपल्याकडे राहायला येईल. आईची बंद खोली तिला देऊ या? खिडक्या मी आत्ताच उघडून ठेवल्यात.

तुमची टकळी