कोरडं लुगडं

आये, परवा सावित्री नदीच्या पात्रात आमच्या मंडळीतल्या काही जणांचा बाप्तिस्मा झाला. पास्टर एकेकाला मागे झुकवून पूर्ण बुडवतात, आणि माणूस निथळत वर येतो तेव्हा त्याच्या घरचं कुणीतरी कोरडं वस्त्र घेऊन काठावर उभं असतं. कुणाची बायको, कुणाचा मुलगा. मी सगळ्यांच्या चपला सांभाळते. इतक्या वर्षांच्या सरावाने त्या कामात माझा कुणी हात धरणार नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनाचं ताट माझ्यासमोरून पुढे जातं. भाऊ म्हणतो, तू बाटलीस. मंडळीच्या लेखी मी अजून उंबऱ्याबाहेर. बिरवाडीच्या खोलीचं कुलूप कंपनीतून येऊन मीच उघडते, आणि ‘आलीस का’ म्हणून विचारणारं आत कुणी नसतं.

तुझा बाप्तिस्मा ठरला होता तो उन्हाळा आठवतो. गुरं टाकून तू डोंगर उतरायला तयार नाहीस, म्हणून पास्टरच पोलादपूरहून आपल्या वाडीवर चढून आले. नुसतं पाणी शिंपडून चालत नाही, अंग बुडलं पाहिजे, असं ते सांगतात. आणि वाडीवर अंग बुडेल अशी एकच जागा, गुरांच्या पाण्याची दगडी डोण. सकाळपासून आपण दोघी खालच्या झऱ्यावरून हंडे वाहतोय. डोण काठोकाठ भरते. तू माझ्या हातात नवं लुगडं देतेस. "नीट धर गो, भिजवशील." पास्टर प्रार्थना सुरू करतात, आणि तेवढ्यात गुरं येतात. ओढा त्याच दिवशी आटलेला, जिभा बाहेर आलेल्या. मी काठी उगारते, तर तूच ओरडतेस, "मारू नको त्यांना! पास्टर, जरा थांबा. आधी ती पिऊ देत."

ती प्यायली. तळाचा गाळ दिसेपर्यंत प्यायली. तू गाभण गाईचं दावं धरून उभी होतीस, तिला बाकीच्यांनी ढुसण्या देऊ नयेत म्हणून. मला हसू येत होतं आणि रागही. पास्टर बिचारे तुझी समजूत घालू लागले, की प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला तरी कुठे पाणी मिळालं होतं, तरी त्याला स्वर्ग मिळाला. तू पटकन म्हणालीस, "त्याचे हात ठोकलेले व्हते. माझे मोकळे हायत. झऱ्याचं पाणी आता गुरांनाच लागंल. पाऊस लागू दे, डोण भरंल, मग बुडवा मला."

पाऊस लागायच्या आतच तू गेलीस. भावाने आपल्या रीतीने अग्नी दिला. पास्टर लांब उभे होते, आणि मी धड तिकडे नाही, धड इकडे नाही.

तेव्हापासून मी पास्टरांशी भांडते. पाण्यावाचून तारण नसेल तर माझी आई कुठे आहे? आणि पाण्यावाचून तारण असेल तर मी कशाला भिजू? आता त्यांचे केस पिकलेत, पण चिडत नाहीत. म्हणतात, तारण विश्वासाने होतं, पाणी ही त्याची चारचौघांत दिलेली साक्ष. मी म्हणते, माझ्या आईची साक्ष गुरांनी पिऊन टाकली. ते म्हणतात, "तुझ्या आईला मी पाह्यलंय. तिची मला काळजी नाय."

मलाही नाही, आये. तुझे हात मोकळे नव्हतेच. त्यांत दावं होतं. चोराला जे मिळालं ते तुला नाकारणारा देव असेल, असं मला वाटत नाही. पण हे पास्टरांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर वाद संपेल, आणि ते विचारतील, मग आता कशासाठी थांबलीस? माझे हात तर खरोखर मोकळे आहेत.

खरं सांगते, तारणासाठी नाही थांबले. तुझं ते लुगडं पेटीत आहे, घडीही मोडलेली नाही. पाण्यात उतरताना ते कुणाच्या हातात द्यायचं, तेच मला सुचत नाही.