पुलाच्या वरचं पाणी

प्रिय ताई,

तीन महिने तुला नदीच्या पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे. राहिली कसली, मीच राहू दिली. फोन करतो, तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि ठेवून देतो.

प्रयोगशाळेतून घरी यायचो तेव्हा मी कसा असायचो, ते तू पाहिलं आहेस. दिवसभर नदीच्या पाण्याच्या बाटल्या तपासायच्या, मेलेले मासे मोजायचे, आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. जेवताना ताटावरही खेकसायचो. शेवटी तुझ्या भावजयीनेच मला तुझ्याकडे आणून सोडलं. मला हसू आलं होतं; लहानपणी दोन मिनिटं एका जागी न टिकणारी तू, चाळीस माणसांना नदीकाठी तासभर ध्यानाला गप्प बसवणार! पण बसलो. राग आला की त्याच्याकडे बघायचं आणि त्याला जाऊ द्यायचं, हे तू शिकवलंस. उठताना प्रत्येकाने नदीचं ओंजळभर पाणी प्यायचं, म्हणजे नदी परकी वाटत नाही, हेही तुझंच. मला झोप लागायला लागली. खोटं कशाला बोलू, तू मला सावरलंस.

मग बॅटरीच्या कारखान्याचा नाला नदीला मिळतो तिथल्या बाटलीत शिसं निघालं, मर्यादेच्या नऊपट. तुमची बसायची जागा त्याच्याच खालच्या अंगाला. साहेब म्हणाले, अहो, पुलाच्या वरच्या अंगाला नाला लागत नाही, तिथलं पाणी घ्या, उगाच राईचा पर्वत कशाला करता. पूर्वीचा मी असतो तर ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी राग आला, मी त्याच्याकडे बघितलं आणि जाऊ दिला. पुलाच्या वरची बाटली भरली, अहवालावर सही केली. वर स्वतःचं कौतुकही वाटलं, की आपण किती शांत झालो. आता लिहिताना लाज वाटते. तेव्हापासून दर रविवारी मी ओंजळ ओठांपर्यंत नेतो आणि हळूच गवतात सोडतो. बाकीचे पितात, ते डोळे मिटून असतात. मी बघत असतो.

आज सकाळी पहिल्या बाटलीचा खरा अहवाल वरच्या कार्यालयात दिला, सोबत माझ्या खोट्या सहीची कबुली. नोकरी टिकेल असं वाटत नाही. बायकोला सांगितलं, ती फक्त बरं म्हणाली. एक प्रत या पत्रासोबत आहे. रविवारी बसण्याआधी ती सगळ्यांना वाचून दाखव, माझ्या नावासकट, आणि कुणाला थेंबही पिऊ देऊ नकोस. पण रविवारची वाट बघू नकोस, तू उद्याच रक्त तपासून घे. परवा फोनवर म्हणालीस, बोटांना मुंग्या येतात, सुईत दोरा ओवता येत नाही, वय झालं आता. मी हो म्हणालो. ताई, ते वय नसावं. बाकीचे आठवड्यातून एकदा पितात. तू रोज पितेस, आणि हे मला सही करतानाही माहीत होतं.

तुझाच,
धाकटा