यंदा रेल्वे आणायचीच

४ जानेवारी, रविवार. सकाळी ९.
नवी डायरी. मागच्या वर्षीची डायरी फेब्रुवारीनंतर कोरी राहिली, पण तिची पानं फार मोठी होती. ही आटोपशीर आहे.

संकल्प तीन. वसाहतीला यंदा पॅसेंजर रेल्वे आणायचीच. रोज पहाटे उठून चालायचं. हिच्यावर चिडायचं नाही.

परिस्थिती अनुकूल आहे. रूळ वसाहतीच्या मागूनच जातात. त्यांवरून रोज सिमेंटच्या मालगाड्या धावतात. फक्त माणसांची गाडी तेवढी येत नाही. म्हणजे नव्वद टक्के काम झालेलंच आहे. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी रेल्वे विस्तार कृती समिती आहे. मी तिचा अध्यक्ष. सहा वर्षं, बिनविरोध.

सहा वर्षांपूर्वी आम्ही शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. ही नर्स आहे, आणि हॉस्पिटल घरापासून पाच मिनिटांवर. ही म्हणाली होती, इथंच बरं आहे. मी म्हटलं, नवी वसाहत, मोकळी हवा आणि दोन वर्षांत रेल्वे. तेव्हापासून ही सव्वासहाची बस धरते, मध्ये एकदा बस बदलते आणि साडेआठला ड्यूटीवर पोचते. संध्याकाळी तेच उलट. कधी तक्रार नाही. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

५ जानेवारी
चालायला गेलो नाही. अंधार होता.

११ जानेवारी, रविवार
समितीची मीटिंग. उपस्थिती तीन : मी, सेक्रेटरी ड्रिल सर आणि खजिनदार हार्डवेअरवाले. बॅनरवर कुठलं इंजिन छापायचं यावर दोन तास चर्चा. ड्रिल सरांना धूर सोडणारं हवंय. मी म्हटलं, आपण काळाबरोबर राहायला हवं. शेवटी इंजिन पुढच्या मीटिंगवर ढकललं आणि माझा फोटो नक्की केला.

१९ जानेवारी
रेल्वेच्या ऑफिसात जाऊन आलो. हार्डवेअरवाल्यांच्या गाडीतून गेलो, कारण बसमध्ये इस्त्रीचं वाटोळं होतं. साहेबांनी विचारलं की रोज किती लोक प्रवास करतील? मी म्हटलं, सगळे. ते म्हणाले, आकडा सांगा. मी म्हटलं, जनतेच्या भावना आकड्यांत मावत नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. प्रभावित झाले असावेत. प्रवाशांची मोजणी करून घेऊ आणि पत्र पाठवू, असं म्हणाले. निघताना विचारलं, तुम्ही आलात कसे? हे त्यांनी का विचारलं कळलं नाही.

२० जानेवारी
चाललो. दुधाच्या दुकानापर्यंत.

२५ जानेवारी, रविवार
हिला हॉस्पिटलच्या आवारात क्वार्टर मिळतंय. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. गुडघा रात्रभर ठणकतो म्हणाली, अजून नोकरीची चार वर्षं आहेत म्हणाली. रेल्वेचं नक्की होत असेल तर ती क्वार्टर सोडेल, नाहीतर घेईल आणि रविवारी येत जाईल. हे सगळं तिनं भाजी चिरता चिरता सांगितलं, वर न बघता. मी म्हटलं, अठ्ठावीसच्या आत तुझ्या हातात रेल्वेचं पत्र ठेवतो. बरं म्हणाली.
आता टार्गेट आहे. मला डेडलाइन असली की काम सुचतं. चौतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनला काढली ती काय उगाच?

६ फेब्रुवारी
पत्र आलं! विषय : प्रवासी मागणीची पाहणी. मंगळवार, १७ फेब्रुवारी, सकाळी सहा ते नऊ. विषय तीनदा वाचला. उरलेला मजकूर नेहमीचाच असणार. पत्राला फाइल केली, फाइलला नाव दिलं, नावाखाली लाल रेघ मारली.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी.
प्लॅन तयार. मंगळवारी कुणीही कामावर जायचं नाही. सगळ्यांनी रजा टाकायची आणि सहा वाजता नियोजित स्टेशनवर हजर व्हायचं. (नियोजित स्टेशन म्हणजे रुळांशेजारची मोकळी जागा. तिथं पाटी मीच लावली आहे.) मोजायला आलेला माणूस मोजून मोजून थकला पाहिजे. ड्रिल सर रांगा लावतील. हार्डवेअरवाले लाउडस्पीकर देतील. भाषण मी.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ८
हिनं फाइल उघडून पत्र पूर्ण वाचलं. दुसऱ्याची फाइल विचारल्याशिवाय उघडू नये, पण मी चिडलो नाही. म्हणते, मोजणी बसच्या थांब्यावर आहे, खाली लिहिलंय. लोकांना रोजच्यासारखं कामावर जाऊ द्या, थांब्यावर उभं राहायला जागा नसते तेच त्यांना दिसू दे. मी तिला समजावलं की थांब्यावरची गर्दी ही बसची गर्दी. रेल्वेची गर्दी रुळांशेजारीच शोभते. सरकारी पत्रात खालचा मजकूर सवयीनं टाइप होतो, हे मला माहीत आहे, मी टाइप केलेला आहे.
तिलाही रजा टाकायला सांगितलं. वॉर्डात दोन जणींची आधीच रजा आहे, जमणार नाही म्हणाली. अध्यक्षांच्या घरातूनच असहकार.

१७ फेब्रुवारी, दुपारी १२
अभूतपूर्व! चारशे बारा माणसं! ड्रिल सरांनी तीन वेळा मोजली. पोरं, म्हातारे, केशकर्तनालयवाला दुकान बंद करून आला. सावधान, विश्राम, सावधान, विश्राम, असं पावणेतीन तास. रेल्वेचा एक प्रतिनिधी रुळांवरून चालत आला. हातात भलामोठा पाना होता, म्हणजे टेक्निकल विभागाचा असणार. त्याला फुलांचा गुच्छ दिला आणि पंचवीस मिनिटं बोललो. तो म्हणाला, नट आवळायला आलोय, जाऊ द्या. कामाच्या माणसांना नम्रता असतेच.
हिला हे सगळं बघायला मिळालं नाही याचं वाईट वाटतं.

संध्याकाळी ८.
ही आली. म्हणाली, सहा वर्षांत आज पहिल्यांदा बसायला जागा मिळाली. बस पूर्ण रिकामी होती. थांब्यावर दोन माणसं फॉर्म घेऊन बसली होती, त्यांनी हिचं वय आणि व्यवसाय विचारला, मग नऊ वाजेपर्यंत दुसरं कुणी येतंय का बघत बसली असणार. मी म्हटलं, ती जनगणनावाली असतील. ही गुडघ्याला तेल लावत राहिली.

२० फेब्रुवारी
झोप नीट नाही. चहा फार होतो, त्याचा परिणाम.

२६ फेब्रुवारी
अहवाल आला. पूर्ण वाचला. इथं जसाच्या तसा उतरवतो :
‘पाहणीच्या वेळेत बस थांब्यावर आढळलेले प्रवासी : एक (महिला). सदर प्रवाशास बसमध्ये बसण्यास जागा उपलब्ध. रुळांलगत सुमारे चारशे व्यक्ती उभ्या आढळल्या, परंतु त्यांपैकी कोणीही प्रवास करताना दिसले नाही. सबब सध्याची बससेवा पुरेशी असून पॅसेंजर गाडीची आवश्यकता नाही.’
यात राजकारण आहे. ड्रिल सर म्हणाले, निषेध सभा घेऊ, सगळ्यांना परत रजा टाकायला लावू. हार्डवेअरवाले म्हणाले, लाउडस्पीकर परत द्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार
अहवाल हिला दाखवायचा की नाही याचा विचार करत होतो. तिनं कालच वाचला होता. क्वार्टरला हो कळवून टाकलं. रागावली असती तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. तिनं फक्त कुकरच्या तीन शिट्ट्या, गॅसचा नंबर आणि माझ्या बीपीच्या गोळ्या एका कागदावर लिहून दिल्या.

१ मार्च, रविवार
हिचं सामान हार्डवेअरवाल्यांच्या गाडीतून गेलं. गाडीत मला जागा उरली नाही. तात्पुरती सोय आहे. दर रविवारी येणारच आहे.

४ मार्च
एकट्यानं राहण्याचे फायदे बरेच आहेत. रेडिओ हवा तेवढा मोठा. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या.

८ मार्च, रविवार
ही आली. दुपारी जेवलो, चारला निघाली. बोलायला वेळ कमी पडला. मी फेरमोजणीच्या अर्जाचा मसुदा वाचून दाखवला, त्यात तास गेला.

१५ मार्च, रविवार
आली नाही. फोनवर म्हणाली, मागच्या रविवारी जाऊन येऊन गुडघा सुजला, आता महिनाभर बस नको. मी म्हटलं, हरकत नाही, मला मीटिंग आहे. मीटिंगला मी एकटाच होतो. ठराव कुणी मांडायचा आणि अनुमोदन कुणी द्यायचं, त्यामुळे तहकूब केली.
घर फार शांत वाटतं. मालगाडी गेली की भांडी वाजतात, ते आधी ऐकू येत नव्हतं. मला तिची आठवण येते. हे लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही.

२२ मार्च, रविवार. सकाळी ५.५०.
मीच जातो. हार्डवेअरवाले गाडी गॅरेजला आहे म्हणाले. काल ती गाडी मला बाजारात दिसली होती. असो. बसनं जाऊ. दोन-अडीच तासांचा तर प्रश्न. ‘प्रवासी सोयींची प्रत्यक्ष पाहणी’ म्हणून अहवालही लिहिता येईल. वही, पेन, इस्त्रीचा शर्ट.

त्याच दिवशी, दुपारी ३. हिच्या क्वार्टरमध्ये.
वहीत काही लिहिता आलं नाही, दोन्ही हातांनी वरचा दांडा धरला होता. पहिल्या बसमध्ये शेवटपर्यंत उभा. दुसरी चाळीस मिनिटं उशिरा आली, त्यातही उभा. कुणाची तरी पिशवी पूर्ण वेळ गुडघ्यावर आदळत होती. शर्टाकडे बघवत नाही. उतरल्यावर पाय सुजले म्हणून चप्पल हातात घेऊन आलो.
हिनं दार उघडलं, पायांकडे पाहिलं आणि टबात गरम पाणी आणून ठेवलं. मी पाय पाण्यात सोडले आणि विचारलं की रोज अशीच गर्दी असते का?
ही म्हणाली, छे, आज रविवार ना, आज बस रिकामी असते.
फेरमोजणीचा विषय काढला नाही.