माझ्याही अन्ननलिकेत बुरशी असल्याचे लिहून मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
शासकीय रुग्णालय, जि. वाशिम

विषय : सख्ख्या भावांच्या निदानातील भेदभाव दूर करणेबाबत.
संदर्भ : गेल्या सोमवारची दुर्बीण तपासणी.

महोदय,

१. मी जगदेव सखाराम भोयर, वय ५२, रा. इंझोरी, विनंतीपूर्वक कळवितो की, मला व थोरले बंधू भागवत यांना घास गिळताना छातीत सारखेच दुखत असल्याने दोघांचीही अन्ननलिका एकाच दिवशी तपासण्यात आली. निकाल मात्र सारखा लागला नाही.

२. बंधूंच्या नळीत दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे पांढरे थर दिसले. दम्याचा पंप ओढल्यावर चूळ न भरल्याने बुरशी धरली, असे डॉक्टरांनी सांगितले, गोळ्या दिल्या व रंगीत फोटोही दिला. माझ्या नळीत बारीक जखमा निघाल्या. विषाणू असावा म्हणून कडेचा तुकडा काढून तपासणीला पाठविला आणि "आपोआप भरेल, मऊ खा" एवढ्यावर माझी बोळवण झाली. वास्तविक चूक बंधूंची आहे. मी चूळ आजवर कधी चुकविलेली नाही.

३. घरी याचा परिणाम असा की, आमची आई कस्तुराबाई बंधूंना रोज जवळ बसवून स्वतःच्या हाताने दूधभात भरवते. मी ताट पुढे सरकवले असता म्हणाली, "त्याचं फोटूत दिसून राह्यलं. तुह्यं काय हाय, ते डाक्तरलेच माईत नाई." शेजारीपाजारी फोटो पाहून हळहळून जातात. बंधूही हल्ली मुद्दाम हळू गिळतात, असे माझे निरीक्षण आहे. माझा जळफळाट होतो, हे मी शासनापासून लपवीत नाही.

४. सबब, मलाही बुरशी असल्याचे लिहून द्यावे, थोडीशी का होईना. नियमात बसत नसल्यास बंधूंच्या अहवालात विषाणू घालावा. तेही अशक्य असल्यास, दोन्ही मुलांच्या घशाखाली घास उतरत नाही, एवढे तरी आईला शिक्क्यानिशी कळवावे.

५. तुकड्याचा अहवाल यायला वेळ लागतो, असे समजते. तोवर माझ्या जखमा भरून येतील आणि मागायला तोंड उरणार नाही. आईचे वय ब्याऐंशी आहे. तिच्या हातचे घास आता थोडेच उरले असतील, आणि सध्या ते सगळे भागवत गिळतो आहे.

आपला नम्र व अद्याप बरा न झालेला,
जगदेव सखाराम भोयर
दि. १४ नोव्हेंबर २०२४

सोबत : माझा अहवाल. भागवतचा फोटो जोडता आला नाही. तो आईच्या उशाखाली आहे.