उजेड येते का

अहो,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तुम्ही फोनवर तुमच्या बाबांले वाचून दाखवसान.

मी डेपोत काय करते, हे तुम्ही कधी विचारलं नाही. तिकडं बंदरावर तुम्ही क्रेननं जहाजात चढवता ना, ते तांदळाचे कंटेनर इथं नागपुरात भरतात. भरायच्या आधी मी रिकाम्या कंटेनरात जाते अन् चंपतराव हमाल बाहेरून दार लावतात. आत टाचणीएवढाही उजेड दिसला तर छेद आहे समजायचं. तिथून समुद्राचं पाणी शिरलं की सारा माल सडते. पाहून झालं की मी दार ठोकते अन् ते उघडतात.

घरी बाबा संध्याकाळी देवळात जातानी बाहेरून कडी लावतात. "अंकुशनंच सांगतलं," म्हणतात. तुम्हाले विचारलं तर "तुझ्याच भल्यासाठी आहे वं," म्हणाले अन् जहाज लागलं म्हणून फोन ठेवला. पहिले पहिले मी दार ठोकत होती. शेजारची वंदना ऐकून टीव्हीचा आवाज वाढवत होती.

आज कंटेनर एकदम चांगला निघाला. आत कुठंच उजेड नव्हता. "ताई, उजेड येते का?" चंपतरावांनी दोनदा विचारलं. मी तशीच उभी राह्यली. शेवटी त्यांनीच घाबरून दार उघडलं.

"ठोकलं काहून नाही, ताई?"

आतून ठोकलं की कोणी उघडते, हे मी विसरून गेली होती.

भावना