फाटकाबाहेरून हाक

मॅटापान, बॉस्टन
२३ एप्रिल २०१७

ती. वन्सं यांस,
रोझिलियाचा नमस्कार.

ईस्टर पार पडलं. इथे अजून स्वेटर अंगावरून उतरत नाही, पण देवाच्या कृपेने आम्ही सगळे उभे आहोत. तुमच्या गुडघ्याचं काय? तुम्ही आपणहून कळवणार नाही, म्हणून विचारते. हे पत्र विल्नेरच्या हाती देतेय, तो पुढच्या आठवड्यात गावी निघालाय. फोनवर बोलावं तर तुमच्या अंगणातली कोंबडीसुद्धा कान देऊन ऐकते, आणि इथे माझ्या शेजारी तुमचा भाऊ बसलेला असतो. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्ही चुका काढाल, ठाऊक आहे मला. तिसरीत माझ्या पाटीवर मारलेली फुली मी अजून विसरले नाही. ही पोरगी पुढे भावजय होऊन येणार हे माहीत असतं तर जरा हात आखडला असतात की नाही, सांगा!

तुमचा निरोप पोचला. “मंडळाचा प्रेझिदाँ झाल्यापासून आंतेनोर मोठा माणूस झाला, बहिणीची विचारपूस करत नाही, आणि रोझिलिया त्याच्या हातात फोन देत नाही.” चिमटा बसला हो वन्सं, चांगला बसला. आणि त्याच निरोपात पुढे म्हणता, की एका रविवारी त्याने तीनदा फोन केला आणि तीनदा शाळेच्या छपराचंच विचारलं, माझी थट्टा करतो का? म्हणजे विचारलं नाही तर राग, विचारलं तरी राग! अहो, छपराची काळजी लागून राहिलीय त्यांना. वादळाने शाळा उघडी पाडली, तुम्ही जन्मभर शिकवलेले वर्ग पावसात भिजताहेत, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही. बस, इतकंच.

आता खरी बातमी. आमच्या फाँ-पाल्मिस्ट गावकरी मंडळाचा मोठा कार्यक्रम आहे, २० मे, शनिवारी, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये. आपल्या देशाच्या निशाणाचा सणही त्याच आठवड्यात, म्हणजे दुधात साखर. त्या दिवशी छपरासाठी वर्गणी गोळा होणार आणि तुमच्या भावाचा सत्कार होणार. हो, सत्कार! काचेची पाटी, त्यावर सोनेरी अक्षरात नाव. दिवसभर टॅक्सी चालवून रात्री मंडळाच्या सभा घेणारा माणूस तो. गावाहून नवा कुणी आला की विमानतळावर हेच, खोली शोधायला हेच, कागदपत्रांच्या रांगेत सोबत उभे राहायला हेच. आता पाटी मिळाली तर काय बिघडलं?

फ्रित्झनेल सगळं बघतोय. तोच तो, मंडळाचा चिटणीस, लोकांचे टॅक्सचे कागद भरून देतो. जूनच्या निवडणुकीत प्रेझिदाँ व्हायला टपून बसला होता, तोच आता सत्काराची तिकिटं विकत फिरतोय. चुलीचा ताबा अर्थात जेर्ताकडे. काळ्या अळिंबीचा भात, तळलेलं डुकराचं मांस, केळ्याचे काप आणि तिचं ते कोबीचं तिखटजाळ लोणचं, पिकलीझ. परवाच्या सभेत मी म्हटलं, कार्यक्रम चारला सुरू करू, उजेड असताना. तर जेर्ता पळी आपटून म्हणाली, “रोझिलिया, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आपली माणसं आणि चारला? चारला त्यांच्या कपड्यांना इस्त्री पण झालेली नसते!” सगळे खो खो हसले. मी हट्ट सोडला नाही. शेवटी तिकिटावर चार छापलं.

मला उगीच आपली भाषणाची काळजी. मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतेय. तुम्ही म्हणाल, आंतेनोरला कागद कशाला? नमनालाच घडाभर तेल जाळणारा गडी तो! असू द्या. वय होतं माणसाचं.

बाकी सवयी तुम्ही लावल्यात त्याच. दाराला नवी बेल बसवली, तरी हे बेल वाजवत नाहीत. बाहेर टोपी काढून उभे राहतात आणि “ओने!” म्हणून हाक देतात. माझे हात पिठाने भरलेले असोत नाहीतर साबणाने, मी आतून “रेस्पे!” म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. बाहेरच्याने घराला मान द्यायचा, घराने बाहेरच्याला आदर द्यायचा. ‘ओने’ न म्हणता तुमच्या फाटकातून शिरलेल्या पोराला तुम्ही कान धरून परत रस्त्यावर उभं करायचात ना, त्याचा हा परिणाम. हल्ली जरा जास्तच झालंय. स्वयंपाकघरातून बैठकीत येतानाही म्हणतात. मी उत्तर देते, माझं काय जातंय.

सोबत साबण, तेल, सार्डिनचे डबे आणि कापडी चपलांचा एक जोड आहे. चपला ह्यांनी स्वतः दुकानात निवडल्यात. तुम्हाला लहान होतील बहुतेक. कुणासाठी, कशाला, असं विचारत बसू नका. पायात घाला.

तुमची
रोझिलिया


मॅटापान
२४ मे २०१७

ती. वन्सं यांस,
नमस्कार.

हे पत्र घेऊन जेर्ताच येतेय तुमच्याकडे. ती तुम्हाला सांगेल, की आंतेनोरने असं भाषण केलं की माणसं रडली. सांगू द्या तिला, मध्ये तोडू नका. ती आतमध्ये कॉफी करायला गेली की एकट्या बसा आणि मग पुढचं वाचा.

वन्सं, तुमच्या भावाची स्मरणशक्ती जात चाललीय. नादेजने त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं, ईस्टरच्याही आधी. लेक नर्स आहे, तिला आधीच कळलं होतं, पण बापाला म्हणायला तिची जीभ रेटेना. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं मागे फिरत नाही. सकाळी हे पूर्वीचेच असतात, माझ्या कॉफीला नावं ठेवतात. दिवस कलला की घाबरल्यासारखे होतात, खोल्या ओळखीच्या वाटत नाहीत. म्हणून मी फोन देत नव्हते. तुमचं नाव त्यांना आठवलं नसतं आणि ते तुमच्या कानावर पडलं असतं, तर तुम्हा दोघांना कुठल्या तोंडाने समजावलं असतं मी?

आणि त्या चपला. त्या आईंसाठी घेतल्या होत्या त्यांनी. आईंना आपण सगळ्यांनी मिळून माती दिली, तुम्ही पुढे होतात, हे मागे होते. दुकानात मला म्हणाले, “आईच्या टाचांना मऊ लागतं गं.” मी पैसे दिले आणि पिशवीत भरल्या.

सत्काराची कल्पनाही माझीच. मी फ्रित्झनेलच्या ऑफिसात गेले, दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, जूनमध्ये तुम्ही त्यांना मतं घेऊन खाली उतरवाल, ते मला बघवणार नाही. त्याआधी त्यांना वर चढवा, आणि मग उतरू द्या. वन्सं, त्या माणसाला मी किती नावं ठेवली होती! त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाला, “मादाम आंतेनोर, मी एवढीशी सुटकेस घेऊन या शहरात उतरलो तेव्हा विमानतळावर हेच उभे होते. माझ्यासाठी कोट घेऊन आले होते, स्वतःचा. आपली माणसं मेल्यावर आपण तीन-तीन बस करून जातो, शवपेटीपाशी तासतासभर गुणगान करतो. यांना ऐकू येतंय, माणसं ओळखू येताहेत, तोवरच करूया ना.” त्याने ही गोष्ट कुणालाही कळू दिली नाही. जेर्तालासुद्धा नाही.

म्हणून तो चार वाजताचा हट्ट होता माझा. पण आपली माणसं! तिकिटावर चार बघून त्यांनी मनात सहा धरले, आणि सहा धरून आठला आली. साडेचारला हॉलमध्ये आम्ही दोघं, नादेज आणि लाउडस्पीकरवाला. हे नवा सूट घालून ऐटीत बसले होते, मला म्हणाले, “काय गं, कुणी रुसलंय का आपल्यावर?” इतके छान होते तेव्हा, वन्सं! तेव्हाच पाटी हातात दिली असती तर! मग एकेक सुगंधी कुटुंब यायला लागलं, चुंबनं, मिठ्या, “उशीर नाही ना झाला?” मी दात ओठ खाऊन हसत होते. खिडक्यांबाहेर अंधार पडत गेला, तशी ह्यांची बोटं टोपीच्या कडेवरून फिरायला लागली.

जेवणं झाली. वर्गणी झाली, छपराच्या पत्र्यांचा खर्च नक्की निघेल, फ्रित्झनेल ते सविस्तर कळवेल. मग ह्यांचं नाव पुकारलं. सगळा हॉल उभा राहिला, टाळ्या थांबेनात. जेर्ताने हौसेने स्टेजवर बांबूचं फाटक उभारलं होतं, बाजूला केळीची पानं, कागदाच्या जास्वंदी. “गावच्यासारखं वाटू दे जरा,” म्हणाली होती. हुबेहूब तुमचं फाटक. फ्रित्झनेलने पाटी दिली आणि ह्यांना माइकपाशी नेलं.

ह्यांनी माझा कागद काढला. बघितला. पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. समोर दिव्यांचा झोत आणि पलीकडे काळोख. टाळ्या थांबल्या. हे काही बोलेनात. मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, “प्रेझिदाँ, आज नमन विसरलात का?” लोक हसले. मनात म्हटलं, रोझिलिया, हौसेने सत्कार मागून घेतलास आणि नवऱ्याची शोभा करून बसलीस.

मग ह्यांनी टोपी काढली. छातीशी धरली. त्या बांबूच्या फाटकाकडे तोंड केलं आणि हाक दिली, “ओने!”

क्षणभर कुणालाच कळेना. मला मात्र कळलं. मी उत्तर द्यायला उठले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, हातात पळी, जेर्ता ओरडली, “रेस्पे!” आणि मग सगळा हॉल! म्हातारेकोतारे, इथे जन्मलेली, आपली भाषा धड न येणारी पोरं, सगळे एका आवाजात “रेस्पे!”

ह्यांचा चेहरा खुलला. त्यांनी पुन्हा म्हटलं, अजून जोरात, “ओने!” पुन्हा हॉल म्हणाला, “रेस्पे!” माणसं डोळे पुसायला लागली. कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं कुणाच्या फाटकाशी उभं राहून ती हाक दिली नव्हती, त्यांना आपापली अंगणं आठवली. आणि हे तसेच उभे. हसत, टोपी छातीशी धरून, वाट बघत. घरच्यांनी आत बोलावल्याशिवाय आत जायचं नसतं ना, तुम्हीच शिकवलंत.

फ्रित्झनेल उठला. ह्यांच्याजवळ गेला, मान लववली आणि म्हणाला, “या, दादा, आत या. बसा. कॉफी टाकलीय.” त्याने हात धरून ह्यांना त्या बांबूच्या फाटकातून आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं. टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. सगळ्यांना वाटलं, हेच भाषण. अजून लोक दुकानात भेटले की मला सांगतात, “प्रेझिदाँ जन्मात पहिल्यांदा दोन शब्दांत आटोपले, आणि काय बोलले!” मी म्हणते, हो ना.

गाडीत नादेज पुढे, आम्ही दोघं मागे. मांडीवर काचेची पाटी. मी म्हटलं, “खूश ना?” म्हणाले, “माणसं चांगली होती. पोटभर जेवू घातलं.” मग मला विचारलं, “आंद्रेलीझ घरात नव्हती का गं? सगळ्यांनी उत्तर दिलं, तिचा आवाज नाही आला.”

वन्सं, त्यांच्या ओठावर तुमचं नाव किती महिन्यांनी आलं म्हणून सांगू!

जुलैत आम्ही दोघं येतोय. तिकिटं काढलीत. सकाळीच पोचू असं बघते. तुमच्या दारच्या नीरफणसाखाली हे थांबतील, टोपी काढतील. तुम्ही धावत बाहेर येऊ नका. “ओळखलंस का मला?” असं तुम्हीही विचारू नका, पोरांनाही विचारू देऊ नका. समोर उभं राहिल्यावर त्यांना तुमचं नाव सुचेल की नाही, याची हमी मी देऊ शकत नाही. रडायचं असेल तर आधी रडून घ्या. पण त्यांनी हाक दिली की उत्तर तुम्हीच द्या, दुसऱ्या कुणाला देऊ देऊ नका. शाळेत द्यायचात तशा खणखणीत आवाजात. तुमचा आवाज आला की ते आत येतील.

आणि त्यांच्या मागे, दोन्ही हातात पिशव्या घेऊन, मीही फाटकाबाहेरच उभी असेन. इतके दिवस तुमच्यापासून लपवलं, त्याबद्दल पाटीवर फुली मारायची तर खुशाल मारा. पण आधी आत बोलवा.

तुमची भावजय, आणि अजूनही तुमच्या तिसरीच्या वर्गातलीच,
रोझिलिया